शुभांक : मोफत आणि सर्वांसाठी खुला

उपाध्ये सरांनी नायलॉनची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली आणि तिच्यातून सोळा वह्या बाहेर पडल्या. शंभरपानी, खाकी पुठ्ठ्याच्या. प्रत्येकीवर कधीपासून कधीपर्यंत, त्या तारखा लाल शाईत लिहिलेल्या.

"गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या सोडती आहेत यात," सर म्हणाले. "रोजच्याही आणि आठवड्याच्या मोठ्याही. एकही सुटलेली नाही. तुझ्या कॉम्प्युटरात घालता येतील?"

मी एक वही उघडली. पानावर दोन रकाने होते, एक निळ्या शाईतला, एक लाल. लाल रकान्यात लागलेले आकडे. निळ्यात दुसरेच काहीतरी आकडे. हे सरांनी स्वतः लावलेले असणार, असं मी मनाशी ठरवलं आणि वही मिटली. विचारलं नाही. त्या काळात मला बहुतेक गोष्टी न विचारता कळत असत.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. इचलकरंजीत एका सुताच्या व्यापाऱ्याच्या दुकानावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन होती, त्यांतली चार सुरू व्हायची. माझं वय एकोणतीस, डिग्री कोल्हापूरची, आणि गावाबद्दल माझं मत असं की इथं यंत्रमाग सोडले तर विचार करणारं दुसरं काही नाही. उपाध्ये सर त्याला अपवाद होते. नववीत त्यांनीच आम्हाला संभाव्यता शिकवली होती. फळ्यासमोर उभं राहून रुपयाचं नाणं उडवायचे आणि म्हणायचे, "पाच वेळा छापा पडला म्हणून सहाव्यांदा काटा पडेल असं समजू नका. नाण्याला आठवण नसते." तोच माणूस निवृत्तीनंतर तीन वर्षं रोज सकाळी खोताच्या लॉटरी सेंटरात बाकावर वही घेऊन बसलेला सगळ्या गावानं पाहिला होता. मीही पाहिला होता, आणि मनातल्या मनात पुरेसा हसलोही होतो. आता तो माझ्या टेबलापाशी आला होता.

"मला असं पाहिजे होतं, सुकुमार," सर चाचरत म्हणाले, "की हे सगळे आकडे घालायचे, आणि मग मशीननं..."

"पुढचे आकडे सांगायचे," मी वाक्य पुरं केलं.

सर माझ्याकडं बघत राहिले. "नाही, म्हणजे तसं..."

"कळलं सर. करून देतो. पंधरा दिवस द्या."

ते आणखी काही बोलणार होते बहुधा. पण माझी पुढची बॅच दारात उभी होती, आणि हसू फार वेळ दाबता येत नव्हतं.

तर मी शुभांक केला. नाव मुद्दामच असं ठेवलं, लग्नपत्रिकेवर शोभेल असं. दोन मुलींना बसवून वह्यांतले लाल आकडे टाइप करून घेतले. मग रंगीत तक्ते बनवले. कुठला आकडा किती वेळा आला, कुठला किती दिवस रुसला, कुठल्या आकड्याचं कुणाशी जमतं. पडद्यावर एक चक्र फिरायचं, "विश्लेषण चालू आहे" अशी पाटी लुकलुकायची आणि बरोबर अकरा सेकंदांनी सहा आकडे यायचे. हे अकरा सेकंद मशीन काहीही करत नसे. वह्यांकडं ढुंकूनही न बघता डोळे मिटून सहा आकडे काढायचं आणि गप्प बसायचं. खाली टक्के यायचे, "यशाची शक्यता : एक्क्याऐंशी टक्के" किंवा असंच काहीतरी. टक्केही मशीन मनानंच काढायचं, ऐंशी ते ब्याण्णवच्या दरम्यान, त्यातही ब्याण्णव अगदी क्वचित. शंभर म्हटलं तर लोक संशय घेतात, आणि सत्तर म्हटलं तर तिकीट काढत नाहीत, एवढा अभ्यास मी केला होता.

आणि कोडमध्ये, जिथं हे आकडे निघतात तिथंच, मी चार ओळींची टीप लिहिली. लिपी इंग्रजी, भाषा मराठी. "इथून पुढं मशीन डोळे मिटून आकडे काढतं. वरचे तक्ते शोभेचे. टक्के हौसेचे. जो वाचेल तो शहाणा, जो वाचणार नाही तो खोताचं गिऱ्हाईक."

मग ते सगळं मी इंटरनेटवर टाकलं. मोफत, कोडसकट. ओपन सोर्सचं मला तेव्हा फार वेड होतं. कोड उघडा असला की कुणाला फसवता येत नाही, असं मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगायचो. बॅच विचारायची, फुकट देतात म्हणजे बिघडलेलं असतंय का? यावर मी तासभर बोलायचो. आता म्हटलं, सर कोड वाचतील, टीप बघतील, कान पकडतील, आणि शिष्यानं गुरूला नाण्याची आठवण करून दिली असा गोड शेवट होईल.

सरांनी कोड मागितलाच नाही. त्यांनी चक्र फिरताना पाहिलं, आकडे पाहिले, टक्के पाहिले.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"अजून काय पाहिजे, सर?"

"काही नाही. वह्या दे परत."

पिशवीत वह्या भरून ते जिना उतरून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला शंभर टक्के पाहिजे होते.

सरांनी नाकारलेला शुभांक गावानं डोक्यावर घेतला. खोताला कुणीतरी सांगितलं, तो स्वतः येऊन कोरी सीडी देऊन गेला. महिन्याभरात सेंटरच्या दारात पाटी लागली, "येथे मगदूम सरांचे शुभांक मिळेल." मगदूम सर म्हणजे मी. त्याच्यासाठी खोतानं एक जुना कॉम्प्युटरही मांडला. लोक रांग लावून अकरा सेकंद हात जोडून उभे राहायचे. मला चहाच्या टपरीवर कुणी पैसे देऊ देईना.

परदेशातूनही मेल येऊ लागले. फिलिपीन्सच्या एका माणसानं चंद्राच्या कला जोडल्या. ब्राझीलच्या एकानं जन्मतारीख. लिस्बनचा एक दंतवैद्य होता, तो सगळ्यात मनापासून काम करायचा. त्यानं चक्र जास्त गुळगुळीत फिरवून दाखवलं आणि अकरा सेकंदांचे चौदा केले, कारण वापरणाऱ्यांना अकरा कमी वाटतात म्हणाला. अमावास्येला अंदाज द्यावा की नाही यावर दोन खंडांतल्या पाच जणांनी एक अख्खा आठवडा वाद घातला. हे सगळे लोक कोड वाचत होते. आकडे कुठून निघतात ती ओळही त्यांनी बघितलीच असणार. मराठी कुणाला येत नव्हतं, पण ती ओळ कळायला मराठी लागत नाही. त्या ओळीला कुणी हात लावला नाही. मी हे सगळं वाचून खुर्चीत मागं रेलून हसायचो. जगातला सगळ्यात मोठा मूर्खांचा मेळा मी एकट्यानं भरवला होता, आणि तोही फुकट.

या मेळ्यात सन्मती होता. सन्मती म्हणजे उपाध्ये सरांचा मुलगा, शाळेत माझ्या दोन वर्षं मागं. बापानं गावाला गणित शिकवलं आणि पोरगा दहावीला गणितातच दोनदा अडकला, हा गावाचा जुना विनोद होता. घरामागच्या शेडमध्ये त्याचे चार माग होते, ते मात्र तो चांगले चालवायचा. खोताच्या बाकावर तो सरांशेजारी दिसायचा, बापामुळं बिघडला असं मी समजायचो. मला टपरीवर भेटला की हात हातात घेऊन म्हणायचा, "दादा, लई भारी काम केलंय तुमी." मी म्हणायचो, "तुमच्यासारख्यांसाठीच केलंय." त्याला यातली खोच कळायची नाही, आणि मला त्याचीही मजा वाटायची.

दिवाळीनंतर एका दुपारी सन्मती क्लासवर आला. जेवणाची सुट्टी होती, मी एकटाच होतो. तो स्टूल ओढून बसला. चेहरा शांत होता, दाढी वाढलेली.

"दादा, नव्या सीडीत चंद्र घातलाय म्हणं?"

"कुणीतरी घातलाय. का रे?"

"मोठ्या सोडतीच्या टायमाला माज्याकडं जुनी सीडी हुती. त्यात चंद्र न्हवता. तिथंच चुकलं."

मोठी सोडत आदल्या रविवारी झाली होती. मी विचारलं, किती तिकिटं काढली होतीस? त्यानं हातानं पिशवीएवढा आकार दाखवला.

"शुभांक ब्याण्णव टक्के म्हणाला, दादा. ब्याण्णव कवाच येत न्हाई. सा म्हैनं मी रोज बघतोय, एकदाबी आलं न्हवतं. म्हटलं, आता न्हाई तर कधी. दोन माग विकलं."

"विकले?"

"चांगलं गिऱ्हाईक मिळालं. आकडं काय आलं न्हाईत. पण तुमी मनाला लावून घिऊ नका. ब्याण्णव म्हंजी आठ ऱ्हात्यात की. ते आठ आलं." तो मला समजावत होता. आपल्या प्रोग्रॅमची चूक झाली असं वाटून मला वाईट वाटू नये म्हणून तो मुद्दाम जिना चढून आला होता. "आता चंद्राची सीडी द्या. राह्यलेल्या दोन मागांचं बोलणं चाललंय. पौर्णिमेला मोठी सोडत हाय."

मी म्हटलं, सन्मती, लॉटरी म्हणजे नशिबाचा खेळ, त्यात मशीनला काय कळणार. तो हसला. म्हणाला, "तुमी मोठी मान्सं असंच म्हणताय. आमचं अण्णाबी असंच म्हणत्यात." मी म्हटलं, हे टक्के खरे नाहीत. तो म्हणाला, "तुमास्नी वाईट वाटतंय म्हणून बोलताय." मी गणित सांगायला लागलो. एक कोटी चाळीस लाखांत एक, वगैरे. तो मान डोलवत ऐकत राहिला, जशी माणसं कीर्तनात डोलवतात, आणि शेवटी म्हणाला, "सीडी हाय न्हवं तुमच्याकडं? न्हाईतर खोताकडनं घेतो."

तेव्हा मग दुसरा उपाय राहिला नाही. मी मशीन चालू केलं, कोड उघडला आणि त्या चार ओळींवर आणून थांबवला.

"हे वाच."

तो पडद्याजवळ सरकला. बोट लावून एकेक शब्द जुळवत वाचू लागला, पहिलीतलं पोर वाचतं तसं, ओठ हलवत. इंग्रजी अक्षरांत मराठी असल्यामुळं त्याला वेळ लागत होता. 'शोभेचे'पाशी थांबला. 'हौसेचे'पाशी थांबला. शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली. खाली सूतगिरणीच्या गाडीतून सुताचे कोन उतरवत होते, त्याचा आवाज येत होता.

"हे कवा लिवलंय?" त्यानं विचारलं.

"सुरुवातीलाच."

"म्हंजी पैल्या दिवसापासनं हाय."

"हो. लपवलेलं नव्हतं, सन्मती. कुणीही उघडून वाचू शकत होतं."

तो माझ्याकडं वळला. रागावलेला नव्हता. खरंच माहिती पाहिजे असल्यासारखं त्यानं विचारलं, "मला ह्यातलं वाचता येत न्हाई, हे तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

मी कोडची खिडकी बंद केली. तो उठला, स्टूल उचलून भिंतीला होतं तिथं ठेवलं आणि गेला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज एकसारखा येत राहिला, कुठंही अडखळला नाही. मी त्याच्यामागं गेलो नाही. दुपारची बॅच आली तेव्हा मी तसाच बसलेलो होतो, आणि त्या दिवशी काय शिकवलं ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाध्ये सर आले. हातात पिशवी नव्हती. ते समोरच्या खुर्चीवर बसले, रुमालानं घाम पुसला.

"सन्मती काल जेवला," ते म्हणाले. "हात धुतले. मग म्हणाला, अण्णा, सुकुमारदादानं आमची चेष्टा केली. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाला, तसं लिहूनच ठेवलंय."

"सर, मला वाटलं, तुम्हीच लॉटरी खेळताय."

"मी?" त्यांना खरोखर नवल वाटलं. "मी आजवर एक तिकीट काढलेलं नाही, सुकुमार. सन्मती तिथं जाऊन बसायचा म्हणून मी बसायचो. घरी माझं ऐकत नव्हता, म्हटलं शेजारी तरी बसू. तो आकडे लावायचा ते मी निळ्या शाईनं लिहायचो. लागायचे ते लाल शाईनं. तीन वर्षं. त्याला वाटायचं, बाप मदतच करतोय."

मला तो निळा रकाना दिसला. मुलींना मी सांगितलं होतं, निळं सोडून द्या, त्याचा उपयोग नाही.

"बापाचं तो ऐकणार नव्हता," सर म्हणाले, "पण कॉम्प्युटरनं सांगितलं तर ऐकेल असं मला वाटलं. दोन्ही रकाने समोरासमोर ठेवायचे आणि तीन वर्षांत किती वेळा जुळलं एवढा एकच आकडा मशीननं दाखवायचा. तेवढंच मागायला आलो होतो."

"मग तसं सांगायचं होतंत ना सर."

"आपल्या मुलाचं असलं काही सांगायचं म्हणजे जीभ वळायला थोडा वेळ लागतो," सर म्हणाले. "तू तेवढा दिला नाहीस."

वर्गात असताना ते कधी छडी वापरायचे नाहीत. आम्हाला तेव्हा ते मवाळ वाटायचे.

मी म्हटलं, सर, मी काय करू ते सांगा. मनात होतं की ते पैशाचं काहीतरी बोलतील, किंवा पेपरात माफी छापून आण म्हणतील. दोन्हीची माझी तयारी होती. सरांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातला प्रवेशाचा छापील फॉर्म ओढला, खिशातलं पेन काढलं आणि सन्मतीचं नाव, जन्मतारीख, पत्ता असं सगळं आपल्या वळणदार अक्षरात भरलं. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं, दहावी, गणित सोडून.

"त्याला वाचायला शिकव," ते म्हणाले. "आणि फी पूर्ण घे. सवलत दिलीस तर येणार नाही तो."

सन्मती पहिले चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी सहाला आला, मागांवर जायच्या आधी. राहिलेले दोन माग त्यानं विकले नव्हते. वहीपेन घेऊन कोपऱ्यातल्या मशीनपाशी बसला आणि मला म्हणाला, "सर, सुरू करा." आदल्या आठवड्यापर्यंत मी दादा होतो.

मी शुभांक काढून टाकला, म्हणजे माझ्या जागेवरून काढला. पण ओपन सोर्सची जी महती मी प्रत्येक बॅचला सांगायचो ती मला आता नीट कळली. जे सगळ्यांचं झालं ते आपल्याला परत घेता येत नाही. दंतवैद्याकडं प्रत होती, त्यानं ती पुढं चालू ठेवली. मी त्याला लांबलचक पत्र लिहिलं, की यातले अंदाज निव्वळ थट्टा आहेत. त्यानं उत्तर दिलं की माझा विनय त्याला भावला, आणि श्रेयनामावलीत माझं नाव पहिलंच राहील. इकडं खोतानं आपली पाटी तेवढी बदलली, "मगदूम सरांचे शुभांक (जुने, अस्सल)."

सन्मतीला शिकवणं सोपं नव्हतं. एका साध्या अटीवर तो तीन-तीन दिवस अडकायचा. पण माग चालवणाऱ्याला तुटलेला धागा शोधायची सवय असते. चूक सापडेपर्यंत तो उठायचा नाही, माझ्या हुशार मुलांसारखा दुसऱ्याचं बघून उतरवायचा नाही. त्या चार ओळींबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. मी एकदा सुरुवात केली होती. तो म्हणाला, "सर, हे चौदाव्या ओळीत का अडतंय बघा." मी चौदावी ओळ बघितली. त्याची लॉटरी सुटली का, असं मला लोक विचारतात. मराठीत या प्रश्नाचे दोन अर्थ होतात, नाद सुटला का आणि बक्षीस लागलं का, आणि दोन्हींचं उत्तर मला ठाऊक नाही. खोताच्या बाकावर मात्र तो आणि सर मला पुन्हा दिसले नाहीत.

दोन वर्षांनी, एका सकाळी, त्यानं मला एक छोटा कोड दाखवला. चाळीसेक ओळी. सोळा वह्यांतले निळे आणि लाल असे दोन्ही रकाने त्यानं स्वतः टाइप केले होते, संध्याकाळी मागावरून आल्यावर, सर वाचून दाखवायचे आणि हा टाइप करायचा. शुभांकमध्ये जिथं टक्के यायचे तिथं आता साधी वाक्यं यायची : मोठ्या सोडती एकशे छप्पन्न. सहाही आकडे जुळले, शून्य वेळा. माणसानं विचार करून लावलेल्यांतले तीन जुळले, दोन वेळा. मशीननं डोळे मिटून काढलेल्यांतले तीन जुळले, तीन वेळा.

मी तो दोनदा चालवून बघितला. चूक नव्हती.

"पाठवायचा म्हणतोय," सन्मती म्हणाला. "तुमच्या त्या दातांच्या डॉक्टरला. इंग्रजी पत्र तेवढं तुमी लिवून द्या."

मी लिहून दिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. मी ते त्याला वाचून दाखवणार होतो, पण तो म्हणाला, थांबा, आणि स्वतःच पडद्यासमोर बसला, बोट न लावता. दंतवैद्यानं लिहिलं होतं की कोड अतिशय स्वच्छ आहे, हिशोबही त्यानं तपासला आणि तो बरोबर निघाला. परंतु अशानं वापरणाऱ्यांचा उत्साह जाईल. सबब स्वीकारता येत नाही. तरी असेच योगदान देत राहावे.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मी म्हटलं.

"मला कशाला वाईट वाटंल, सर?" सन्मतीनं मशीन बंद केलं आणि खिशातून मागाच्या शेडची किल्ली काढली. "मी तरी कुठं ऐकलं असतं."